रिबनची फुलं: कडा काळ्या पडतात, मध्ये भोक राहतं, क्लिपवरून फूल निखळतं

पाकळी_पाच

केसांच्या क्लिपसाठी दोन इंची साटीन रिबनची पाच पाकळ्यांची फुलं करते आहे. कृती नेहमीचीच. रिबनचे चौकोन कापायचे, कर्णावर घडी घालून त्रिकोण, त्याची परत निम्मी घडी, आणखी एक घडी की निमुळती पाकळी तयार. शेपटाचं (फुलाच्या मध्याकडे येणाऱ्या बाजूचं) टोक आणि खालची कच्ची कड कापून मेणबत्तीवर वितळवायची, पाच पाकळ्या दोऱ्यात ओवून गोल ओढायच्या, मध्ये मोती. घड्या जमल्या. घड्यांच्या पुढचं सगळं फसतंय.

पांढऱ्या आणि फिकट गुलाबी रिबनच्या कडा काळपट होतात. वितळवून घट्ट दाबलेल्या पाकळ्यांपैकी एकदोन दुसऱ्या दिवशी उघडलेल्या असतात. दोरा कितीही ओढला तरी मध्ये पेन्सिल जाईल एवढं भोक उरतं, ८ मिमीचा मोती त्यात बुडतो. पाचांतली एक पाकळी हमखास वाकडी किंवा वेगळ्याच छटेची दिसते, रिबन एकाच रिळाची असूनही. आणि ग्लू गनने क्लिपवर चिकटवलेलं फूल चारपाचदा वापरलं की गोंदासकट अलगद सुटून हातात येतं, क्लिप कोरी करकरीत.

एक जांभळी रिबन तर वितळतच नाही, सरळ पेट घेते. क्लिप ४.५ सेंमीची अ‍ॅलिगेटर, म्हणजे दाबली की जबड्यासारखी उघडणारी आहे, दोरा साधा शिलाईचा, एकपदरी. नेमकं कुठे काय बदलू?

काठपदर

आधी ती जांभळी. ती पॉलिएस्टर नाही. बोटभर तुकडा चिमट्यात धरून सिंकवर पेटवून बघा. पॉलिएस्टर किंवा नायलॉन ज्योतीपासून आक्रसून मागे सरतं, वितळून थेंब होतो आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो, नखाने न फुटणारा. कापूस किंवा रेयॉन असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी राख पडते. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम. जी वितळत नाही तिला ज्योत दाखवूच नका. तिच्यावर जिथून कापायचं तिथे फॅब्रिक ग्लूचा पुसटसा पट्टा ओढा, पूर्ण वाळू द्या आणि मग त्या पट्ट्याच्या मधोमध कापा. आधी कापून मग गोंद लावला तर धागे तोवर सुटलेले असतात आणि गोंद त्यांना केसाळ अवस्थेतच पकडून ठेवतो.

आता काळेपणा. मेणबत्तीच्या ज्योतीचा पिवळा भाग पिवळा दिसतो तोच तापलेल्या काजळीच्या कणांमुळे. तिथे कड धरली की ती काजळी रिबनवर बसते. गडद रंगांतही बसते, फक्त दिसत नाही. कड ज्योतीच्या शेंड्यावर नको, बुडाशी जिथे निळसर झाक असते त्याच्या बाजूला आणा. आत घालायची नाही, तीनचार मिलिमीटर लांब ठेवून एका संथ हालचालीत पुढे न्यायची. एका सेकंदात काम होतं. दोन सेकंद थांबलात तर कड गुंडाळी होऊन जाड पडते, पुढे सुई अडते ती तिथेच. वात लांब असेल तर ज्योत फडफडते आणि धूर धरते, म्हणून वात अर्धा सेंटिमीटर ठेवून बाकी छाटा आणि पंखा बंद करा.

तरीही पांढऱ्या रिबनसाठी मेणबत्ती मला पसंत नाही. बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न, २५ ते ३० वॅटचा, हे त्याचं खरं हत्यार. कधी सोल्डरिंगला न वापरलेला, कोरा घ्या. सिरॅमिकच्या फरशीवर किंवा काचेवर रिबन पसरून वर स्टीलची पट्टी दाबायची आणि पट्टीच्या कडेने टोक ओढायचं. कापणं आणि वितळवणं एकाच फेरीत होतं. ज्योतच नाही, त्यामुळे काजळीचा प्रश्नच उरत नाही. टोकावर वितळलेल्या प्लास्टिकचा थर साचला की तो करपतो आणि तपकिरी रेघ उमटवायला लागतो. दर आठदहा काप झाले की पितळी तारेच्या घासणीवर टोक पुसायचं.

पाकळ्या उघडण्याचं कारण घडीतच आहे. तीन घड्यांनंतर खालच्या कडेला कापडाचे आठ थर असतात. ज्योत बाहेरच्या दोनतीन थरांना लागते, ते चिकटतात, आतले तसेच मोकळे राहतात. बोटांनी दाबलं तेव्हा सगळं एकसंध वाटतं, रात्रभरात आतली घडी ताठून बाहेरचा नाजूक सांधा फोडते.

उपाय चिमट्याचा. सरळ टोकाचा स्टीलचा चिमटा कडेला समांतर धरायचा, असा की त्याच्या ओठांबाहेर कापड फक्त एक मिलिमीटर डोकावेल. तेवढंच ज्योतीजवळून न्यायचं. चिमट्याचं लोखंड उष्णता ओढून घेतं, त्यामुळे वितळण त्याच्या मागे जात नाही आणि पाकळीचं तोंड सुरकुतत नाही. मग कड मऊ असतानाच चिमटा किंचित पुढे सरकवून वितळलेल्या भागावरच तीन ते चार सेकंद गच्च दाबून धरायचा. आठही थर तेव्हा एक होतात. नंतर नखाने कड उलगडायचा प्रयत्न करा. एकही थर सुटला तर लगेच दुसरी फेरी द्या, उद्यावर टाकू नका. पाचसहा पाकळ्यांनंतर चिमटा गार होऊ द्यायचा, तापलेला चिमटा साटीनवर दोन चकचकीत ओरखडे सोडतो आणि ते जात नाहीत.

मेणबत्ती पाणी घातलेल्या खोलगट ताटलीत उभी करा, केस बांधा, सैल बाह्या वर सारा, खिडकी उघडी ठेवा पण झोत नको. वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला चिकटतं, म्हणून दाबायला बोटं कधीच नाहीत. भाजलंच तर चिकटलेलं ओढून काढू नका, २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा.

टाचणी

वाकडी पाकळी आणि वेगळी छटा ही दोन वेगळी दुखणी आहेत.

वाकडेपणा चौकोनात असतो. रिळावर दोन इंच लिहिलेलं असलं तरी रिबन प्रत्यक्षात ५० मिमी भरते, कधी ४८ सुद्धा. दोन इंच म्हणजे ५०.८. तुम्ही पट्टीवर दोन इंच मोजून कापत असाल तर तो चौकोन नाही, आयत आहे, आणि आयताची कर्णावर घडी घातली की कोपरे जुळत नाहीत. तो एकदोन मिलिमीटरचा फरक पुढच्या घड्यांतून टोकापर्यंत जातो. म्हणून लांबी पट्टीवर मोजायचीच नाही. रिबनची स्वतःची रुंदी पुठ्ठ्यावर घ्या, तेवढाच चौकोनी साचा कापा आणि त्या साच्याने सगळे चौकोन काढा. रीळ बदललं की साचाही नवा.

दुसरी गोष्ट, कर्ण म्हणजे उरेब, कापडाची तिरपी दिशा. रिबन लांबीत ताणत नाही, रुंदीतही नाही, पण उरेब ताणली जाते. टोक छान टोकदार यावं म्हणून आपण घडी ओढतो आणि एकच पाकळी दोन मिलिमीटर लांब होऊन बसते. घडी ओढायची नाही, नखाने दाबायची. पाचही पाकळ्यांना सारखीच टाचणी लावून शेजारी शेजारी उभ्या करून बघा, उंचीतला फरक ओवण्याआधी दिसतो. ओवल्यावर दिसला तर सगळं उसवत बसावं लागतं.

आता छटा. साटीनची चकाकी दिशेची असते. उभे धागे पृष्ठभागावर लांब तरंगत असतात, म्हणून एका बाजूने उजेड पडला तर रिबन उजळ आणि चौकोन पाव फेरा फिरवला तर गडद. कापताना चौकोनांचा गठ्ठा झाला की कोणता कोणत्या दिशेने होता हे हरवतं. मग चार पाकळ्या एका कर्णावर, पाचवी दुसऱ्या कर्णावर दुमडली जाते आणि ती वेगळ्या रिळाची वाटते. चौकोन कापायच्या आधीच सबंध लांबीभर एका काठाजवळ उलट बाजूने पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवा. दुमडताना प्रत्येक चौकोनाची रेघ डावीकडे, एवढाच नियम. रेघ कच्च्या कडेशी जाते आणि छाटताना बरीचशी निघून जाते. गडद रिबनला पांढरी खडू पेन्सिल.

एकाच बाजूने चमकणारी रिबन असेल तर पहिल्या घडीत चमक बाहेर ठेवा. आत गेली तर पुढे कितीही उलटसुलट केलं तरी पाकळीचा दर्शनी भाग मातकटच राहतो. दोन्हीकडून चमकणारी घेतली तर हा घोळ नाही, पण ती जाड असते आणि आठ थर म्हणजे चांगलाच ठोकळा होतो. निमुळत्या पाकळीला मी एका बाजूचीच घेईन.

आकाराचा अंदाज: पाकळीची लांबी चौकोनाच्या बाजूच्या साधारण ०.७ पट येते. ५ सेंमीच्या चौकोनाची ३.५ सेंमी, शेपूट छाटून सव्वातीन. फूल साडेसहा सेंमीचं. ३८ मिमी रिबनचं फूल पाच सेंमीच्या आसपास आणि २५ मिमीचं सव्वातीन. लहान मुलांच्या क्लिपला २५ ची पाकळी बरी दिसते, पण हात पक्का बसल्याशिवाय ती घेऊ नका. दोन इंचीत लपणारी मिलिमीटरची चूक तिथे निम्म्या पाकळीएवढी वाटते.

दुहेरी_दोरा

भोकाबद्दल. दोन कारणं, आणि दुसरं तर तुमच्या वर्णनातच आहे.

पहिलं, सुई कुठून जाते. पाकळीच्या शेपटापासून पाच-सहा मिलिमीटर आतून ओवली तर ओढल्यावर त्या शेपट्या मध्यभागी एकमेकींना टेकतात आणि पाकळ्या पुढे सरकूच शकत नाहीत. मग आपण शेपट्या छाटतो आणि तेच भोक होतं. सुई शेपटाच्या टोकापासून २ ते ३ मिमीवर, खालच्या वितळलेल्या कडेपासून १ मिमी वर जायला हवी. वितळलेल्या कडेतूनच घातली तर सुई मोडते किंवा कड तडकते. पाचही पाकळ्यांना हे अंतर सारखंच हवं, नाहीतर एक पाकळी आत आणि एक बाहेर असं फूल लंगडतं. आठ थरांतून सुई ढकलायला अंगुस्तान घाला. सुई बारीक पण लांब घ्या, जाड सुईचं छिद्र ओढताना फाटत जातं.

दुसरं, एकपदरी दोरा. गाठ मारायच्या क्षणी तो सैल होतो, मिलिमीटर दोन मिलिमीटर, आणि तेवढंच भोक वाढतं. पॉलिएस्टरचा दोरा ५० सेंमी घ्या, दुहेरी करा. पाच पाकळ्या एकाच दिशेने तोंड करून ओवा, पहिल्या पाकळीतून सुई परत काढा म्हणजे वर्तुळ बंद होईल, आता ओढा. लगेच गाठ नको. दोरा ताणलेलाच ठेवून पुन्हा सगळ्या पाकळ्यांतून दुसरी फेरी मारा. पहिली फेरी आकार देते, दुसरी तो धरून ठेवते. गाठ मारताना पहिल्या वेढ्यात दोरा एकदा नव्हे, दोनदा गुंडाळा, म्हणजे दुसरा वेढा पडेपर्यंत तो घसरत नाही.

पाच पाकळ्यांत एवढं केल्यावर भोक जेमतेम सुई जाईल एवढं उरतं, ८ मिमीचा मोती व्यवस्थित बसतो. आठ पाकळ्यांच्या फुलात भोक राहणारच. प्रत्येक पाकळीच्या बुडाची जाडी वर्तुळात जागा खाते, पाकळ्या वाढल्या की वर्तुळ वाढतं. तिथे १२ ते १४ मिमीचं चपट्या पाठीचं बटण किंवा अर्धा मोती हवा. नाहीतर खाली ५० मिमीच्या आठ पाकळ्या आणि त्यावर ३८ मिमीच्या पाच, असं दुमजली करा. वरचं फूल खालचं भोक झाकतं.

मोती चिकटवू नका, शिवा. त्याच दोऱ्याने खालून वर या, मोत्यातून जा, बाजूच्या पाकळीच्या बुडातून खाली उतरा, असं तीनदा. लहान मुलांच्या वस्तूला तर चिकटवलेला मोती नकोच. तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर मोती मुळीच नको. मध्ये रिबनचीच गाठ किंवा कापडी बटण टाकून शिवा.

आणि ज्यांना ज्योतच नको आहे त्यांच्यासाठी चुण्यांचं फूल आहे, कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. २५ मिमी रिबन २६ सेंमी कापा. दोन्ही टोकांना अर्धा सेंमी सोडून दर ५ सेंमीवर खुणा करा, पाच घरं होतील. दुहेरी दोऱ्याने ३ मिमीच्या टाक्यांचा धावदोरा घालायचा तो असा: वरच्या काठापासून खुणेवरून सरळ खाली, मग खालच्या काठाच्या २ मिमी वरून आडवं पुढच्या खुणेपर्यंत, तिथून सरळ वर. वरच्या काठाला पोचलात की दोरा काठावरून पलीकडच्या बाजूला घ्यायचा आणि त्याच खुणेवरून परत खाली यायचं. काठावरून दोरा घेणं हेच या फुलाचं मर्म आहे. विसरलात तर ओढल्यावर पाकळ्या वेगळ्या होत नाहीत, नुसती झालर मिळते. एकेक घर शिवून झालं की ओढत जा, सगळं शिवून एकदम ओढलं तर दोरा तुटतो. शेवटी दोन टोकं सुलट बाजूला सुलट ठेवून शिवून टाका. रिबनचे काठ विणलेलेच असतात, त्यामुळे धागे सुटायचा धोका फक्त त्या दोन टोकांना, आणि ती शिवणीत झाकली जातात. फूल साडेतीन-चार सेंमीचं होतं. तुमच्या जांभळ्या रिबनला हेच शोभेल.

फेल्टची_गोल_चकती

क्लिपवरून फूल निघतं यात गोंदाचा दोष कमी, त्याला दिलेल्या कामाचा जास्त.

ग्लू गनचा गोंद कापडावर टिकतो कारण तो वितळलेल्या अवस्थेत धाग्यांमध्ये शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. मुलामा दिलेल्या गुळगुळीत धातूत शिरायला जागाच नाही. शिवाय धातू उष्णता चटकन ओढून घेतो, गोंदाचा खालचा थर पसरायच्या आधीच थिजतो. वरून घट्ट वाटतं आणि खाली तो नुसता टेकलेला असतो. म्हणून तर तुमची क्लिप कोरी निघते. तेव्हा गोंद धातूला लावायचाच नाही असं समजा. कापडाला कापड चिकटवा आणि धातूला मध्ये कोंडा.

आधी क्लिपला अस्तर. १० मिमी रुंदीची ग्रोसग्रेन रिबन घ्या, आडव्या रेघांची असते ती. साटीन इथे घसरते. ४.५ सेंमीच्या क्लिपला साधारण ११ सेंमी लागते. दोन्ही टोकं वितळवून घ्या. वरच्या जबड्याच्या आतून सुरुवात, पुढच्या टोकावरून वळवून वरच्या बाजूने मागे, मागून खाली दाबपट्टीच्या (बोटाने दाबायच्या भागाच्या) टोकापर्यंत. क्लिप उघडी धरूनच चिकटवा. बंद धरून चिकटवलीत तर उघडताना रिबन तोकडी पडून पहिल्याच दिवशी उखडते. खालच्या जबड्याचे दात मात्र झाकू नका.

मग चकती. साडेसहा सेंमीच्या फुलाला साडेतीन सेंमी व्यासाची, दीड ते दोन मिमी जाड फेल्टची. घडी न घालता टोकदार कात्रीने दोन समांतर चिरा द्या, प्रत्येकी १२ मिमी लांब, एकमेकींपासून २ सेंमीवर. क्लिपचा वरचा जबडा एका चिरेतून आत आणि दुसरीतून बाहेर काढा. फेल्टचा मधला पट्टा जबड्याच्या आतल्या बाजूला येतो, क्लिप त्यात अडकते. आता चकतीच्या दर्शनी बाजूला अस्तराच्या रिबनवर आणि भोवतीच्या फेल्टवर गोंद लावून फूल दाबा आणि तीन मिनिटं हलवू नका. मग फुलाच्या मागच्या बाजूने फेल्टमधून पाकळ्यांच्या बुडात चार ठिकाणी टाके घाला. गोंद गेला तरी फूल जात नाही.

फूल कुठे बसवता तेही बघा. दाबायची बाजू निदान एक सेंटिमीटर मोकळी हवी, नाहीतर प्रत्येक वेळी क्लिप उघडताना बोट पाकळीवर पडतं आणि तीच पाकळी आधी सुटते. फुलाचा मध्य जबड्याच्या पुढच्या अर्ध्यावर हवा. मागे गेला तर केसांत लावल्यावर फूल खाली लोंबतं.

टिकटॅक पिनेची गोष्ट वेगळी. ती लावताना पाठ वाकून टक्‌ करते. पूर्ण लांबीला फूल चिकटवलंत तर ती वाकत नाही, बंदच होत नाही, किंवा बंद होताना गोंद तडकवते. फक्त रुंद टोकाकडच्या एक तृतीयांश भागावर चकती बसवायची.

आणि मूळ गन. साटीनच्या पाकळीवर तेलकट डागासारखा ठिपका उमटत असेल तर गोंद फार गरम आहे किंवा फार आहे. ७ मिमी काडीची छोटी, कमी तापमानाची गन फुलांना पुरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उरतात ते ओढत बसू नका, हेअर ड्रायरचा गरम झोत दोन सेकंद दाखवा, आक्रसून जातात. त्याहून जास्त वेळ नको, मूळ सांधाच मऊ पडेल.

टाचणी

फेल्टला पूर्ण सहमत, पण पाकळ्या ओवण्याऐवजी गोंदाने जोडूच नयेत असं काही नाही. २५ मिमीच्या सहा पाकळ्या फेल्टच्या २ सेंमी चकतीवर मध्यबिंदू आखून एकेक चिकटवल्या तर दोऱ्यापेक्षा सारख्या बसतात. चकतीवर आधी ६० अंशांच्या सहा रेघा आखायच्या आणि समोरासमोरच्या जोडीने चिकटवायचं, ओळीने गोल फिरत नव्हे. ओळीने गेलात की शेवटच्या पाकळीला जागा कमी तरी पडते नाहीतर उरते.

दुहेरी_दोरा

सहा पाकळ्यांना चालेल. पण क्लिप उन्हात तापलेल्या गाडीत राहिली की गन-गोंद मऊ पडतो आणि चिकटवलेली पाकळी कलंडते, ओवलेली कलंडत नाही. तेल लावलेल्या केसांतही गोंदाचा सांधा हळूहळू सुटतो. फूल शोभेला बांधायचं असेल तर गोंद, रोज केसांत घालायचं असेल तर दोरा. मी यावर हटणार नाही.

पाकळी_पाच

पुष्कळ उलगडलं. आयत कापत होते हे आत्ता मोजून पाहिलं, रिबन ४९ मिमी भरली. दोनच शंका उरल्या. एक, गोलसर पाकळीला हीच मापं का? दोन, हेच फूल लवचिक हेअरबँडवर बसवायचं तर चकतीचं काय करायचं, आणि मळलं तर धुता येतं का?

काठपदर

गोलसर पाकळीला चौकोन तोच, लांबीही जवळपास तीच, फक्त घड्या निराळ्या. कर्णावर त्रिकोण, मग दोन्ही तिरपी टोकं काटकोनाच्या कोपऱ्याकडे आणून छोटा चौकोन. तो पालथा करून उजवा-डावा कोपरा मागे मधोमध भेटवायचा आणि घडी घालायची. सगळ्या कच्च्या कडा एका टोकाला जमतात, ते टोक ५ मिमी छाटून चिमट्याने तसंच वितळवायचं. मग पाकळीच्या तोंडात पेन्सिलचं बोथट टोक घालून आतून फुगवा. गोलाई घडीने येत नाही, या फुगवण्याने येते. या पाकळीला दोन्हीकडून चमकणारी रिबन चालते, उलट ती फुगवटा जास्त धरते.

फेल्टची_गोल_चकती

हेअरबँडला चिरा नकोत, दोन सारख्या चकत्या घ्या. एक फुलाच्या मागे शिवायची, दुसरी बँडच्या आतून, मध्ये इलॅस्टिक. गोंद दोन चकत्यांच्या फक्त कडांना लावा, इलॅस्टिकला नाही. इलॅस्टिक गोंदात अडकलं की तेवढा भाग ताणत नाही आणि बाजूचा दुप्पट ताणून सैल होतो. कडेने बारीक टाके घालून चकत्या बंद करा, मग फूल हवं तिकडे सरकवताही येतं. इलॅस्टिकची लांबी डोक्याच्या घेरापेक्षा ४ ते ५ सेंमी कमी. काढल्यावर कपाळावर वळ दिसला तर तो घट्ट आहे, लांबी वाढवा. तान्ह्या बाळाला झोपताना तो काढूनच ठेवायचा, सैल असला तरी.

धुण्याचं: पॉलिएस्टरला कोमट पाणी आणि सौम्य साबण सोसतो. मऊ ब्रशने पाकळीच्या बुडाकडून टोकाकडे पुसा, चोळू नका, पिळू नका, सावलीत पालथं टांगून वाळवा. गरम पाणी नको, गोंद सुटेल. क्लिपची स्प्रिंग भिजली तर गंजाचा डाग आधी फेल्टवर आणि मग रिबनवर उतरतो, म्हणून क्लिपचं फूल बुडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. दबून चपटं झालेलं फूल उकळत्या पाण्याच्या वाफेवर हातभर अंतरावरून चिमट्याने धरा आणि पेन्सिलने पाकळ्या पुन्हा उघडा.